ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते

किल्लारीत सप्टेंबर हा बोलण्याचा महिना. पाच तारखेला शिक्षक दिन होतो. गणपती बहुतेक वर्षी याच महिन्यात बसतात आणि मंडळांच्या कार्यक्रमांत शाळेची मुले भाषणे करतात. सतरा तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन असते. तीस तारखेला १९९३ च्या भूकंपात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्यानंतर दोनच दिवसांनी गांधी जयंती येते, म्हणजे ग्रामसभेचा दिवस. या साऱ्या ठिकाणी बोलायला उभी राहणारी माणसे बहुधा तीच असतात: मुख्याध्यापक, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, बचत गटाच्या अध्यक्षा, नववी-दहावीतली एखादी चुणचुणीत मुलगी. ऐकणारेही तेच असतात. औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या पट्ट्यात ज्याने असे कार्यक्रम ऐकले आहेत त्याला हेही माहीत आहे की प्रसंग बदलला तरी भाषण फारसे बदलत नाही. व्यासपीठावरच्या मान्यवरांची तीच लांब यादी, तोच सुविचार, तोच शेर आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'.

भाषण कसे लिहावे हे सांगणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना मी किल्लारी डोळ्यांपुढे ठेवून बसलो आहे, त्याला कारण आहे. आपल्याकडची या विषयावरची पुस्तके बहुतेक वेळा वक्त्यापासून सुरू होतात: त्याचा आवाज, हातवारे, पाठांतर, सभाधीटपणा. माझे म्हणणे असे की भाषणाची रचना ऐकणाऱ्यापासून सुरू होते. समोरच्याला आधीच काय ठाऊक आहे, तो कोणत्या मनःस्थितीत येऊन बसला आहे आणि भाषण ऐकून उठल्यावर त्याने काय करावे असे आपल्याला वाटते, एवढे ठरले की भाषणाचा प्रकार ठरतो. प्रकार ठरला की सुरुवात कुठून करायची आणि कुठे थांबायचे हेही दिसू लागते. किल्लारीत हे जितके लख्ख दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. तिथे ३० सप्टेंबरला माइकसमोर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यापेक्षा त्या विषयाचे कितीतरी अधिक जाणणारी माणसे समोर खाली बसलेली असतात.

त्या दिवसाचे काय सांगायचे? २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास मोजली गेली. सरकारी नोंदीत जवळपास आठ हजार मृत्यू आहेत, बऱ्याच लेखांत दहा हजारांच्या जवळचा आकडा येतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावे मूळ जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. ही माहिती पुण्या-मुंबईच्या सभेत सांगावी लागेल, नागपूरच्या महाविद्यालयातही सांगावी लागेल. किल्लारीच्या स्मृतिस्तंभासमोर ती सांगायची नसते. तिथे बसलेल्या आजोबांना वेळ माहीत आहे, माळवद कसे खाली आले ते माहीत आहे, ढिगाऱ्यातून कोणाला आधी काढले आणि कोणाला काढता आले नाही हेही माहीत आहे. त्यांच्यासमोर 'त्या काळरात्री नियतीने क्रूर घाला घातला' असे वाक्य टाकणे म्हणजे त्यांचे दुःख त्यांच्याच हातातून काढून घेऊन त्याला आपल्या शब्दांची झालर लावणे आहे. श्रद्धांजलीच्या भाषणात मला याहून मोठा दोष दिसत नाही.

पण त्याच मांडवात दुसराही एक श्रोता आहे. भूकंपाच्या वर्षी जन्मलेले मूल आज तिशी ओलांडून गेले आहे. समोरच्या रांगेत बसलेली शाळेची मुले तर त्या नव्या पिढीच्याही पोटी आलेली. त्यांनी जुने गाव पाहिलेले नाही. त्यांना सांगितलेच पाहिजे, आणि तेही आजी-आजोबांच्या समोर, त्यांना न दुखावता. एका मांडवात दोन प्रकारचे श्रोते असणे ही श्रद्धांजलीपर भाषणाची खरी अडचण आहे. तिच्यातूनच त्या भाषणाची रचना निघते. मी स्वतः तिथे बोलायचे ठरवले तर काहीसे असे लिहीन:

'आज इथे दोन पिढ्या बसल्या आहेत. एका पिढीला त्या पहाटेचे काही सांगण्याचा अधिकार मला नाही. दुसरी पिढी नव्या गावात जन्मली, तिच्याशी मी बोलतो. लेकरांनो, आपल्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या होत्या, वर मातीचे जड माळवद होते. आपली माणसे त्या भिंतींखाली आणि त्या माळवदाखाली गेली. आज घरी गेल्यावर आजीला विचारा, जुन्या गावात आपले घर कोणत्या गल्लीत होते, शेजारी कोण राहायचे. त्यांची नावे वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या घरी नवी खोली बांधायला निघाली तर मिस्त्रीला विचारा, भिंतीला पट्टा घालणार की नाही.'

एवढेच. दीड मिनिटही लागणार नाही. यात मृतांचा आकडा नाही, विशेषण जवळजवळ नाही, आणि मुलांना दोन कामे दिली आहेत. वडीलधाऱ्यांना आपल्याविषयी कोणी बोलते आहे असे न वाटता, आपल्याकडे काहीतरी विचारायला येणार आहेत असे वाटेल. पोलिसांनी हवेत फैरी झाडून दिलेल्या मानवंदनेनंतर जी शांतता असते तिच्यात याहून लांब बोलण्याला जागा नसते. अमेरिकेत १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणभूमीवरील दफनभूमीच्या समारंभात मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. त्यांच्यानंतर लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत बसले. लिंकनचे भाषण जगभर शिकवले जाते. ते आखूड होते म्हणून गाजले असे सरसकट सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते. जिवंत माणसांनी आता काय करायचे आहे हे त्याने मेलेल्यांच्या साक्षीने सांगितले. एवढे सांगायचे असेल तर तेवढेच शब्द लागतात.

श्रद्धांजलीविषयी मी इतका वेळ रेंगाळलो कारण आपल्या गावांत हे भाषण सर्वांत जास्त वेळा करावे लागते आणि त्याची तयारी सर्वांत कमी केली जाते. तेरवीला, शोकसभेला, संस्थेच्या संस्थापकाच्या पुण्यतिथीला कोणीतरी ऐनवेळी उभे राहते. मृताची पदे आणि पुरस्कार मोजले जातात. ऐकणाऱ्याला हवे असते ते वेगळे: हा माणूस मदतीला कसा धावून यायचा, कशावर चिडायचा, कोणती गोष्ट त्याने कधीही केली नाही. एक नेमकी घटना आणि ती सांगणाऱ्याचा त्या माणसाशी असलेला खरा संबंध, यावर असे भाषण उभे राहते.

आता अगदी दुसऱ्या टोकाचा प्रकार घेऊ: समजावून सांगण्याचे भाषण. याचाही उत्तम धडा याच भागात घडून गेला आहे. भूकंपानंतर १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त गावे नव्याने वसवली गेली आणि जिथे घरे तडकली होती पण उभी होती, अशा शेकडो गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे काम घरमालकांनी स्वतः करायचे ठरले. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, गावागावांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. ज्या बायका तोवर चार माणसांत बोललेल्या नव्हत्या त्यांनी महिला मंडळात, वस्तीवर आणि ग्रामसभेत उभे राहून घर मजबूत कसे करायचे, पैसे कोणत्या हप्त्याने मिळणार, मिस्त्रीने काय करायला हवे हे सांगायला सुरुवात केली. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. मराठवाड्यातल्या वक्तृत्वाचा इतिहास कधी कोणी लिहिला तर या बायकांना त्यात मानाचे पान मिळायला हवे, आणि ते सभागृहांत टाळ्या मिळवणाऱ्यांच्या आधी मिळायला हवे.

समजा, अशा संवाद सहायक बाईला दगडी घराविषयी बोलायचे आहे. अभियंत्याच्या कागदावर माहितीचा क्रम असा असतो: भूकंप म्हणजे काय, भूगर्भातल्या हालचाली, तीव्रतेचे मापन, बांधकामाचे प्रकार, त्रुटी, उपाय. गावातल्या बाईसाठी हा क्रम उलटा करावा लागतो. तिने पाहिलेले आधी घ्यायचे. भिंत कशी पडली? मधोमध फुगून तिचे दोन पदर सुटले आणि एक पदर आत आला. तसे का झाले? कारण दगडी भिंत दोन पदरांची असते आणि मधे नुसती माती आणि खडी भरलेली. दोन पदरांना बांधून ठेवणारा लांब जोडदगड घातलेलाच नव्हता. वरचे माळवद हात-दीड हात जाड. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर नवी माती चढवली जायची, त्यामुळे वजन वाढतच गेले. एवढे सांगून झाले की उपाय ऐकणारीच सांगू लागते: माती कमी करा, भिंतीत ठरावीक अंतरावर जोडदगड घाला, सगळ्या भिंतींना कंबरपट्ट्यासारखा एक सलग पट्टा बांधा. भूगर्भशास्त्र विचारले तर सांगायचे. समजावण्याच्या भाषणात जो मुद्दा ऐकणारा स्वतःहून बोलतो तो त्याच्या डोक्यात टिकतो. म्हणून लिहिताना असे मुद्दे मुद्दाम अर्धवट सोडायचे, पुढचा भाग समोरून यावा म्हणून.

माहिती देण्याच्या भाषणातही तोच नियम. पुनर्वसनात कोणाला किती मोठे घर हे जमीनधारणेवर ठरले होते: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ४०० आणि मोठ्या जमीनमालकांना ७५०. असा निर्णय गावाला सांगायचा असेल तर प्रत्येक ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो, मी कोणत्या गटात? आधी शासनाचे धोरण, समितीच्या बैठका, मंत्र्यांचे आभार, आणि मग तासाभराने गट सांगितले तर तोवर कोणी काही ऐकलेले नसते. गट आधी सांगावेत. कारणे नंतर सांगितली तरी लोक लक्ष देऊन ऐकतात, कारण आता त्यांना भांडायचे असते आणि भांडायला कारणे लागतात.

ग्रामसभेतल्या भाषणाचा स्वभाव यापेक्षा वेगळा. ॲरिस्टॉटलने भाषणांचे तीन वर्ग केले होते. न्यायालयातले भाषण घडून गेलेल्याविषयी, समारंभातले भाषण आजच्या स्तुती-निंदेविषयी आणि सभेतले भाषण पुढे काय करायचे याविषयी. अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनी ही विभागणी आजही कामाला येते, कारण ग्रामसभेतली बहुतेक भांडणे काळ चुकल्यामुळे होतात. विषय पुढच्या पाण्याच्या टाकीचा असतो आणि बोलणारा मागच्या टाकीचे पैसे कोणी खाल्ले यात शिरतो. मागच्या टाकीचा हिशेब मागणे रास्त आहे. पण तो वेगळा विषय म्हणून, वेगळा ठराव मागून विचारावा. ग्रामसभेतल्या भाषणाचा शेवट ठरावाच्या शब्दांतच व्हायला हवा: काय करायचे, कोणत्या निधीतून, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. हे वाक्य आधी लिहावे आणि मग त्याच्या मागे मागे जात भाषण लिहावे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. तिथे हे वाक्य चार जणींनी मिळून तयार केले तर मोठ्या सभेत ते कोणीही बोलले तरी ते हलत नाही.

या प्रदेशात सभेत उभे राहून बोलणे हा हक्क फार उशिरा मिळाला, हे सतरा सप्टेंबरच्या भाषणात मुलांना सांगितले जात नाही याची मला खंत आहे. निजामाच्या राज्यात सभा भरवायला परवानगी लागे. 'गश्ती निशान त्रेपन्न' या कुप्रसिद्ध आदेशाची आठवण जुने लोक काढत. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून, कचेरीचा कारभार उर्दूतून. मराठीतून चार माणसांसमोर बोलायचे तर शाळा, ग्रंथालय, गणेशोत्सव, कीर्तन अशा आडवाटा शोधाव्या लागत. किल्लारीपासून फार दूर नसलेल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशाच एका वाटेवरची. व्यंकटेश खेडगीकर तिथे शिक्षक म्हणून आले आणि तिथूनच स्वामी रामानंद तीर्थ होऊन निघाले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले ते पोलीस कारवाईनंतर, पण त्याआधी दोन-अडीच दशके माणसांना एकत्र बसवून बोलण्याचे काम चालले होते.

सतरा सप्टेंबरचे शालेय भाषण बहुधा सरदार पटेलांपासून सुरू होऊन पटेलांपाशी संपते. मी एखाद्या विद्यार्थिनीला हे भाषण लिहून द्यायचे झाले तर हिप्परग्याच्या शाळेपासून सुरुवात करीन. मैदानात बसलेल्या मुलांपैकी कोणाचे मामा तिथले असतील, कोणी तिथून एसटीने गेले असेल. इतिहास सांगण्याच्या भाषणात जवळची जागा हा मोठा आधार असतो. मग एक प्रश्न: आज आपण इथे माइक लावून बसलो आहोत, त्यासाठी तेव्हा कोणाची परवानगी लागली असती? आणि मग पुढे जे जे घडले ते. तारखा दोनच ठेवाव्यात. पाच मिनिटांच्या भाषणात मूल दोनपेक्षा जास्त तारखा लक्षात ठेवत नाही, आणि मोठी माणसेही ठेवत नाहीत.

इथे वक्तृत्व स्पर्धांविषयी बोलणे भाग आहे. लातूर-नांदेडकडच्या मुला-मुलींनी या स्पर्धांतून जिल्हा गाजवला आहे, आणि ग्रामीण भागातल्या मुलांना माइकची भीती घालवायला या स्पर्धांइतके दुसरे काही उपयोगी पडले नाही. पण परीक्षकांनी जे गुण दिले त्याने एक साचा तयार झाला. आरंभी चढ्या आवाजातला शेर, मग टाळीचे वाक्य, मग डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग, जो बहुतेक वेळा कोणाच्याच आयुष्यात घडलेला नसतो. थोरांच्या नावावर खपवलेली वचने मोबाइलवरून उतरवून घेतलेली. मुलीला शेतकरी आत्महत्येवर बोलायला सांगतात आणि ती दुसऱ्याने लिहिलेले भाषण पाठ करते. तिच्या स्वतःच्या गावातले, सोयाबीनला लातूरच्या बाजारात मिळालेल्या भावाचे, विहिरीला लागलेल्या किंवा न लागलेल्या पाण्याचे तिला माहीत असलेले सारे भाषणाबाहेरच राहते. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलांना भाषण लिहून देऊ नका. त्यांना प्रश्न लिहून द्या, उत्तरे त्यांना घरातून आणि शिवारातून आणू द्या, आणि त्या उत्तरांना क्रम लावायला मदत करा.

क्रम लावण्याविषयी बोलायचे तर आपल्याला परदेशी पुस्तकांकडे जाण्याआधी देवळाच्या सभामंडपात जावे लागेल. नारदीय कीर्तनाची बांधणी शतकानुशतके पारखलेली आहे. नमन होते, पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचे निरूपण होते, मध्ये नामगजर होतो आणि उत्तररंगात तेच तत्त्व एका आख्यानातून जिवंत केले जाते. विचार आधी, गोष्ट नंतर, आणि दोहोंच्या मधे श्रोत्यांना स्वतः तोंड उघडायला मिळणारी एक जागा. तासाभराचे व्याख्यान लिहिणाऱ्याने ही मधली जागा लक्षात ठेवावी. चाळीस मिनिटे कोणी सलग ऐकत नाही. मधेच एक प्रश्न, एक हशा, एखादी हात वर करायला लावणारी विचारणा हवी. गाडगेबाबांनी ही बांधणी मोडून प्रश्नांवरच कीर्तन उभे केले. ते विचारत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. त्यांच्या श्रोत्यांत अक्षरओळख नसलेली माणसे मोठ्या संख्येने असत, तरी ते कठीण विषय टाळत नसत.

वैचारिक व्याख्यानाची मराठी परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगाव व्याख्यानमाला झाल्या. मराठवाड्यातल्या दोन नावांवाचून हे प्रकरण पुरे होत नाही. शिवाजीराव भोसले मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यांची प्रासादिक, लयबद्ध वाक्ये ऐकायला लोक दूरदूरहून येत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर अगदी वेगळ्या घडणीचे. त्यांच्या पुस्तकांतले कितीतरी लेखन मुळात बोललेले आहे. वाचताना दिसते की ते आधी सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट मांडतात, मग तिच्यातला पेच दाखवतात, मग विरुद्ध बाजूचे म्हणणे त्या बाजूने मांडले नसेल इतक्या नेटकेपणाने मांडतात, आणि शेवटी आपले उत्तर देतात. १९८२ मध्ये औरंगाबादला एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, वय अवघे एकोणपन्नास. भोसल्यांची लय अनुकरण करायला मोहक आहे आणि म्हणून नवशिक्यांनी तिच्यापासून थोडे दूर राहावे. कुरुंदकरांचा क्रम मात्र कोणीही उचलावा. तो आवाजावर अवलंबून नाही.

मोठ्या प्रसंगाच्या, मोठ्या लांबीच्या भाषणाचा वस्तुपाठ हवा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण घ्यावे. ते इंग्रजीत आहे, मराठीत त्याचे अनुवाद सहज मिळतात. आजच्या वक्त्यांना त्याचा केवळ शेवट माहीत असतो: २६ जानेवारीपासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करणार आहोत, हा इशारा. पण सुरुवात पाहावी. ती कोरड्या नोंदींची आहे. सभा पहिल्यांदा ९ डिसेंबर १९४६ ला भरली, तिला दोन वर्षे, अकरा महिने, सतरा दिवस झाले, अकरा सत्रे आणि १६५ दिवस कामकाज चालले, ७,६३५ सुधारणा सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. फार वेळ लावला, पैसा वाया घालवला, या टीकेला हे उत्तर होते. मग श्रेय वाटून देणे: बी. एन. राव, मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी, इतकेच काय, सभेत सतत विरोध करणाऱ्या सदस्यांचेही आभार. त्यानंतर संविधानावरच्या आक्षेपांना एकेक करून उत्तर. आणि हे सारे चुकते झाल्यावरच, ऐकणाऱ्यांच्या मनात शंका उरलेली नसताना, भविष्याविषयीचे इशारे. भावनेचे वाक्य शेवटी का पेलले गेले याचे उत्तर सुरुवातीच्या आकड्यांत आहे.

अध्यक्षीय भाषणात धाडसाचा एक दाखला मला नेहमी आठवतो. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात, आणीबाणी चालू असताना, यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत अध्यक्ष दुर्गा भागवतांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. त्या संमेलनात इतर जे काही बोलले गेले ते आज अभ्यासक सोडून कोणाला आठवत नाही. ऐकणाऱ्यांच्या मनात जे आहे पण कोणी बोलत नाही ते ओळखून नेमके तेवढे बोलणे, हेही ऐकणाऱ्यापासून सुरुवात करणेच आहे.

छोट्या औपचारिक भाषणांविषयी थोडक्यात. प्रास्ताविक हे आपल्या कार्यक्रमांतले सर्वांत अपराधी भाषण आहे. त्याने कार्यक्रम का आहे, आज काय होणार आणि किती वेळ चालणार एवढेच सांगून बसावे. पाहुण्यांच्या परिचयात पदव्यांची यादी नको, हे पाहुणे आज याच विषयावर बोलायला का योग्य, एवढे पुरे. सत्काराला उत्तर देताना सत्कार करणाऱ्यांपैकी एकाची खरी आठवण सांगावी. निरोप समारंभात 'आता विश्रांती घ्या' असे म्हणू नये. बहुतेकांना ती नको असते. आभार मानणाऱ्याने मांडव घालणाऱ्याचे, वीज जोडणाऱ्याचे आणि चहा करणाऱ्या बाईचे नाव आधीच विचारून ठेवावे, कारण ते नाव माइकवरून ऐकायला मिळण्याची हीच एक जागा असते.

लिहिण्याच्या पद्धतीचे एकच सांगतो. भाषण कागदावर लिहिले तरी तोंडाने लिहावे. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. दम लागला तर ते दोन करावे. मराठीत सावकाश, सर्वांना कळेल असे बोलायचे तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे-सहाशे शब्द पुरतात. आणि आपल्या बोलीची लाज बाळगू नये. लातूरकडचा माणूस घरात 'काय करलालाव' म्हणतो आणि माइकसमोर गेला की त्याच्या तोंडी 'सदर बाब' येते. बोलीतला एखादा शब्द, योग्य जागी, साऱ्या मांडवाला पुढे सरकून बसायला लावतो.

ही सगळी प्रकरणे पुढे सविस्तर येतील, नमुने आणि सराव घेऊन. माझी वाचकांना सूचना आहे की पहिला सराव स्पर्धेच्या भाषणाचा न करता आपल्या गावच्या दोन जवळच्या तारखांचा करावा. किल्लारीसाठी त्या ३० सप्टेंबर आणि २ ऑक्टोबर आहेत. श्रद्धांजलीच्या दिवशी अनेक वक्त्यांना राहून गेलेल्या मागण्या आठवतात: घराचा कबाला अजून नावावर नाही, वाढलेल्या कुटुंबाला जागा पुरत नाही, नव्या गावातून शेत लांब पडते. त्या मागण्या खऱ्या आहेत, पण स्मृतिस्तंभासमोर त्या ऐकणाऱ्याला काही करता येत नाही. तो हात जोडून उभा असतो. त्याच मागण्या दोन दिवसांनी ग्रामसभेत, सर्व्हे नंबर आणि यादीसह, ठरावाच्या भाषेत मांडल्या तर त्या इतिवृत्तात जातात आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्यांचा पाठपुरावा करावा लागतो. म्हणून दोन कागद घ्यावेत. एकावर तीस तारखेचे दीड मिनिट लिहावे. त्यातून जी वाक्ये मागणी करतात ती खोडून दुसऱ्या कागदावर उतरवावीत, त्यांच्यापुढे तारीख आणि निधी लिहावा, आणि हा दुसरा कागद महिलांच्या सभेत आधी वाचून घ्यावा.